संक्रमणकालीन तरतुदीही वाचाव्यात

महोदय,

राज्यघटनेवरील चर्चा मूलभूत हक्कांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते; संक्रमणकालीन तरतुदींचा एकविसावा भाग क्वचितच कोणी उघडतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि वर्षभराच्या आत घटना लागू झाली. अनुच्छेद ३९५ ने १९३५ चा भारत सरकार कायदा रद्द केला, तरी अनुच्छेद ३७२ ने आधीचे कायदे, सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत, चालू ठेवले. आमच्या ट्रंकेत करवीर सरकारचा शिक्का असलेला, कडा झिजलेला मोडी कागद आहे. राजवट बदलली म्हणून असे कागद एका रात्रीत रद्दी ठरले नाहीत, ते अशाच (वाचायला रुक्ष, हे मान्य) कलमांमुळे. प्रजासत्ताक दिनाच्या व्याख्यानांत त्यांना दहा मिनिटे तरी मिळावीत.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर