पेव्हर ब्लॉकखालचा थर झाकण्यापूर्वी मोजावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणात शिमगा उरकला की पावसाआधी अंगण पक्के करून घेण्याची घाई सुरू होते. सारवलेल्या अंगणाच्या जागी पेव्हर ब्लॉक येतात आणि उताराच्या बाजूला, टाकलेली भर धरून ठेवण्यासाठी, कंबरभर उंचीची चिऱ्यांची भिंत उभी राहते. तीन वर्षांपूर्वी आम्हीही एका ठेकेदाराकडून असे काम करून घेतले. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला मधोमध पोट आले आणि जुलैच्या अखेरीस तिचा ८-१० फुटांचा भाग खालच्या परसात कोसळला. मुले तिथे नेहमी खेळतात; त्या वेळी कोणी नव्हते, हे आमचे नशीब.

ढिगारा उपसताना कारण उघड झाले. भिंतीच्या पाठीशी थेट लाल माती दाबलेली होती, दगडगोट्यांची भर नव्हती आणि पाणी बाहेर पडायला एकही भोक ठेवलेले नव्हते. १ मीटर उंचीच्या भिंतीमागे काठोकाठ पाणी तुंबले, तर केवळ त्या पाण्याचा रेटा प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलो भरतो, आणि मातीचा दाब त्याहून वेगळा. आपल्या जुन्या गडग्यांना ही भीती नव्हती, कारण चुना-सिमेंटाविना रचलेल्या दगडांच्या फटींतून पाणी आपसूक वाहून जात असे. आपण सांधे सिमेंटने बंद केले, पण पाण्याला दुसरी वाट दिली नाही. भिंतीमागे निदान फूटभर रुंदीची दगड-खडीची भर, तिच्यात माती शिरू नये म्हणून पाणी जाऊ देणारे जिओटेक्स्टाइल कापड, तळाशी उताराचा छिद्रांचा पाइप आणि दर्शनी बाजूला दीड-दोन मीटरवर पाण्याची भोके, एवढे केले तर कमी उंचीची भिंत पुष्कळ वर्षे टिकते. तिचा पाया मात्र भरावात नव्हे, मूळच्या घट्ट जमिनीत हवा आणि भिंत मातीच्या बाजूला किंचित कललेली हवी.

ब्लॉकांची गत याहून वेगळी नव्हती. त्यांच्याखाली खडीचा थर नव्हताच. कच्च्या भरावावर चार बोटे दगडाची बारीक कच पसरून ब्लॉक मांडलेले होते. वास्तविक मुरूम आणि खडी १०-१५ सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून, यंत्राने दाबून घ्यावी लागते. वरची वाळू ३-४ सेंटिमीटरच असावी; खालचे खड्डे जाड वाळूने भरून काढले, की पहिल्या पावसात ब्लॉक तिथेच बसतात. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात. सांध्यांत कोरडी बारीक वाळू भरायची असते. अनेक जण हौसेने सिमेंटचा घोळ ओततात, मग एक ब्लॉक काढायचा तर शेजारचे चार फुटतात. अंगणाचा उतार घरापासून दूर, मीटरला दीड-दोन सेंटिमीटर तरी ठेवावा.

ब्लॉक घेताना जाडी आणि मजबुती सगळेच विचारतात. आयएस १५६५८ हे त्यासाठीचे भारतीय मानकही आहे. पण खालचा थर एकदा झाकला गेला की त्याची चौकशी कोणी करत नाही, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

माझी विनंती दोघांना आहे. घरमालकांनी खडीचा थर आणि भिंतीमागची भर उघडी असतानाच टेपने मोजावी, फोटो काढून ठेवावेत आणि त्यानंतरच पुढचा हप्ता द्यावा. ग्रामपंचायती व नगरपरिषदा पाखाड्या (गावातल्या पायवाटा) आणि मंदिरांसमोरची पटांगणे ब्लॉकने मढवतात, तेव्हा झाकल्या जाणाऱ्या थरांच्या मापांची मोजमाप पुस्तिकेत वेगळी नोंद व्हावी आणि ती ग्रामस्थांना जागेवर पाहायला मिळावी.

यंदा वैशाखात आम्ही भिंत नव्याने बांधली आणि अंगण खालपासून केले. ब्लॉक मात्र जुनेच वापरले; दोन-चार सोडता सगळे शाबूत होते.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी