मिरजेच्या डायलिसिस युनिटमधल्या सिस्टरना

सिस्टर,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं सिस्टर म्हणते. आबांचा परवाचा रिपोर्ट आला. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, ३.७. तुमच्याकडे आणलं तेव्हा २.६ होतं. तुम्ही आता दुसऱ्या शिफ्टला असता, म्हणून तोंडानं सांगायचं राहिलं.

आधीच्या दवाखान्यानं आम्हाला आहाराचा एक झेरॉक्स कागद दिला होता. डाळ बंद, दूध बंद, पनीर बंद. किडनीवरचा भार कमी करायला डायलिसिसच्या आधी तो ठीकच होता. पण डायलिसिस सुरू झाल्यावर पथ्य उलटं होतं, प्रोटीन वाढवावं लागतं, हे तिथं एकानंही सांगितलं नाही. आबा भात आणि दुधीवर दिवस काढत होते. वजनकाट्यावर आकडा तोच, म्हणून तिथले लोक "तब्येत टिकून आहे" म्हणायचे. मांस झडत होतं आणि त्या जागी पाणी भरत होतं, हे पहिल्या दिवशी त्यांचे दंड चाचपून तुम्हीच सांगितलंत. शेवटी तिथं कुणीतरी म्हणालं, "माळ काढा आणि अंडी खा." आणि हसले. आबा पंचेचाळीस वर्षांचे माळकरी. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

तुमच्याकडे आलो तेव्हा आबांच्या गळ्यात डायलिसिसची नळी होती. तुळशीची माळ त्या ड्रेसिंगवर घासत होती, कडा लाल झाली होती. मला वाटलं, आता इथंही तेच ऐकायचं. तुम्ही हात धुतलेत, खाली वाकलात आणि विचारलंत, "आबा, विठोबाला मनगटावर चालेल का?" आबा हसले. मग तुम्ही माळ स्वच्छ करून उजव्या मनगटाला सैलसर बांधलीत. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शिरांची जोडणी, व्हायचा होता, म्हणून तो हात मोकळा ठेवलात. दोन मिनिटांचं काम. पण त्यानंतर आबा तुमचं सगळं ऐकायला लागले, अगदी डॉक्टरांपेक्षा जास्त.

नळीचा संसर्ग आणि किडलेली दाढ, दोन्ही तेव्हाच सापडलं. तुम्ही मला समजावलंत की अंगात कुठं सूज धुमसत असली की यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, रक्तात सूज दाखवणारा सीआरपी वाढतो, भूक मरते. म्हणून नुसतं खाऊ घालून भागत नाही, आधी ती सूज कुठली ते शोधायचं. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक, हे तुम्ही मला बाहेर व्हरांड्यात सांगितलंत, आबांसमोर नाही. तेही लक्षात आहे.

अंड्याचा विषय तुम्ही पुन्हा काढलाच नाहीत. मुगाचं धिरडं, विरजलेलं दही, पनीर, आणि फॉस्फरस अडवणारी गोळी जेवतानाच. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ ते सत्तर ग्रॅम प्रोटीन, शिवाय प्रत्येक डायलिसिसला अमिनो ॲसिड वाहून जातात ते वेगळंच. मी फ्रिजवर लिहून ठेवलंय. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून टाकायचं, हे आता धाकटीलाही येतं.

तुमच्या खोलीत एका वेळी दहा माणसं यंत्राला जोडलेली, अलार्म कोकलत असतात, कुणाचा बीपी खाली, कुणाला पेटके. एवढ्यातही तुम्ही प्रत्येकाचा डबा उघडून बघता. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि पगारातही धरलेलं नसणार. आधीच्या ठिकाणीही माणसं शिकलेलीच होती. पण आबांच्या डब्यात काय आहे, हे बघावंसं तिथं कुणाला वाटलं नाही.

तासगावहून येणाऱ्या भाच्याबरोबर घरचे बेदाणे पाठवतेय, यंदाचे. त्यात पोटॅशियम किती ते तुम्हीच शिकवलंत, तेव्हा ते फक्त तुम्हाला आणि स्टाफला. आबांनी मागितले तरी देऊ नका. ते मागतील.

तुमची,
आबांची सून