गढूळ नळीवर निकाल न लिहिणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सातपुड्यातल्या पाड्यांवरून प्रयोगशाळेत तुमच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक नळीसाठी हे आभार. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या घरांना तुमचं नाव ठाऊक नाही. पण सोल्युबिलिटीची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठीच्या पहिल्या चाचणीची, नळी गढूळ झाली म्हणून तुम्ही रजिस्टरात 'सिकलसेल रुग्ण' असं कधी लिहिलं नाहीत. 'पुढची तपासणी हवी' एवढंच लिहिलंत. त्यामुळे कितीतरी पोरींवर 'आजारी' हा शिक्का बसला नाही.

2 मिली द्रावण, त्यात 20 मायक्रोलिटर रक्त, 5 मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचं बदललेलं हिमोग्लोबिन) आहे, इतकंच कळतं. ते आईबापांपैकी एकाकडूनच आलंय (एएस, म्हणजे वाहक) की दोघांकडून (एसएस, म्हणजे रुग्ण), हे ती नळी सांगूच शकत नाही. रेघा स्वच्छ दिसल्या तरी तुम्ही निर्धास्त झाला नाहीत. हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली असलं, बाळ 6 महिन्यांच्या आतलं असलं किंवा द्रावण जुनं झालं असलं, तर एस असूनही नळी साफ राहते. म्हणून आधी हिमोग्लोबिन बघायचं, कमी असेल तर रक्त दुप्पट घ्यायचं, बाटलीवर उघडल्याची तारीख टाकायची आणि प्रत्येक खेपेला एक माहितीतला एएस व एक एए (एस नसलेला) नमुना सोबत लावायचा. तुमच्या टेबलावर हे कधी चुकलं नाही.

नमुना कसा पाठवायचा, हे आम्हाला तुम्हीच हातात धरून शिकवलंत. जांभळ्या झाकणाची नळी, 2 मिली रक्त, लगेच 8-10 वेळा अलगद उलटसुलट, झटकायची नाही. गुठळी झाली तर नमुना वाया. डब्यात आइसपॅकला थेट टेकली आणि गोठली तर पेशी फुटतात, म्हणून मध्ये कागदाची घडी. चैत्रातल्या उन्हात घाट उतरताना ती घडी फार कामाची.

एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीच्या) फॉर्मवर 'गेल्या 3 महिन्यांत रक्त चढवलं का?' हा प्रश्न तुम्ही स्वतः पेनाने लिहू लागलात, त्याचे वेगळे आभार. चढवलेलं रक्त मिसळलं की एसएस रुग्णाचा अहवाल एएससारखा दिसतो. मग रुग्णालाच 'तुम्ही फक्त वाहक' असं सांगून घरी पाठवलं जातं.

सगळ्यात मोठं काम जोडप्यांचं. दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. हे 'चारातलं एक' असं सांगितलं की माणसं समजतात, पहिलं आजारी निघालं, आता पुढचे तीन सुटले. तसं नसतं; दर खेपेला चिठ्ठी नव्याने निघते. आणि बायको एएस असेल तर नवऱ्याची नुसती सोल्युबिलिटी पुरत नाही, यावर तुम्ही अडून राहिलात. तो बीटा थॅलेसेमियाचा (रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असेल तर नळी स्वच्छच दिसते, पण बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-2 साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेलं की ते कळतं. गर्भाची तपासणी 11-12 आठवड्यांच्या सुमारास करता यावी म्हणून गरोदर बाईची नळी तुम्ही नेहमी सगळ्यांच्या आधी लावलीत.

औषध डॉक्टर देतात, पण ते कुणाला द्यायचं हे तुमच्या कागदावरून ठरतं. एएसला कुठलीच गोळी लागत नाही. एसएसला रोज फॉलिक ॲसिड; हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं तर वजनाच्या किलोमागे साधारण 10-15 मिलिग्रॅमपासून, आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट ठरल्या वेळी मोजूनच. लोहाची गोळी मात्र कमतरता तपासून. फिक्कट दिसतो म्हणून नाही.

दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. होळीच्या त्या आठ दिवसांत पाड्यावर लग्नं ठरतात. तुम्ही यंदाही अडकलेले अहवाल होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराआधी गावनिहाय गठ्ठे बांधून पाठवलेत. शेवटच्या गठ्ठ्यातले दोन लिफाफे अजून घरी पोचायचे आहेत. ते परवा पोचवतो.

आपले,
अक्राणी-अक्कलकुवा भागातले सिकलसेल कार्यकर्ते