दिंडीच्या टेम्पोत बूस्टर नको, राउटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारी जवळ आली की दिंड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो, टेम्पोत मोबाईल बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) बसवा आणि फुल रेंज मिळवा. अहो पण परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि ते सोडा, वारीत त्याचा काडीचा उपयोग नाही. लोणंदला, वाखरीला फोनवर टॉवर फुल दाखवतो आणि साधा एक फोटो जात नाही, हे सगळ्यांनी बघितलंय. तिथे रेंज कमी नसतेच, टॉवरवर गर्दी असते. गावापुरता उभा केलेला टॉवर, त्यावर एका रात्रीत लाखोंनी फोन येऊन बसतात, बूस्टरने दांड्या वाढतील पण टॉवर कुठून वाढणार? उलट बूस्टरच्या सिग्नलचा गोंगाट टॉवरपर्यंत पोचतो आणि शेजारच्या दिंडीचेही फोन कट व्हायला लागतात.

आमची दिंडी चालत येते आणि टेम्पो पुढे जाऊन राहुट्या ठोकतो, म्हणून नेटची सोय आम्ही टेम्पोतच केलीये. सिमवर चालणारा फोरजी राउटर (मोबाईलचं नेट वाय-फायने सगळ्यांना वाटणारा डबा), आत दोन वेगळ्या कंपन्यांची सिम (बहुतेक राउटर एका वेळी एकच सिम वापरतात, स्पीड डबल होईल असं समजू नका), आणि अँटेना केबिनच्या टपावर, कारण पत्र्याच्या आत सिग्नल मरतो. राउटर १२ व्होल्टचा, टेम्पोची बॅटरीही १२ ची, पण मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, तिथे डायरेक्ट वायर जोडली की राउटर गेलाच म्हणून समजा, मध्ये २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर पाहिजे. मुक्कामाला इंजिन बंद असतं तेव्हा यूपीएसमधली ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी रात्र काढते. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायचं, ५ चा स्पीड चांगला पण तो लांबच्या राहुटीपर्यंत पोचत नाही.

आता मुद्दा असा की नेट नसलं तरी वाय-फाय चालू असतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. राउटरच्या मागे फाइल शेअर करणारा यूएसबी पोर्ट असेल तर त्यात पेन ड्राइव्ह लावायचा, मग वाय-फायला जोडलेल्या फोनवर त्यातल्या फाइल उघडतात. आमच्या पेन ड्राइव्हवर हरिपाठाच्या ऑडिओ आहेत, मुक्कामांचे नकाशे आहेत, आणि सगळ्यात कामाची म्हणजे दिंडीची यादी, नाव, गाव, घरचा नंबर, बीपी-शुगरची कुठली गोळी चालू आहे ते सगळं. वाल्ह्याच्या गर्दीत एखादी आजी चुकली, नाहीतर कुणाला चक्कर आली, की पंगतीत वाढणारा पोरगासुद्धा तिथल्या तिथे फोनवर यादी उघडतो, टॉवरची गरजच नाही. घरच्यांना कळवायला एसएमएस टाकायचा, कॉल लागत नसला तरी तो बऱ्याचदा जातो. फक्त यादीला पासवर्ड ठेवा, लोकांची खाजगी माहिती आहे ती. फोटो-व्हिडिओ मध्यरात्रीनंतर सोडायचे, दोनच्या सुमाराला नेट जरा मोकळं होतं, तीन-साडेतीनला लोक आंघोळीला उठले की परत बंद!

पण एवढ्याने टॉवरची गर्दी हटत नाही, तिथे प्रशासनच पाहिजे. कंपन्या मोठ्या गर्दीच्या ठिकाणी गाडीवरचे टॉवर आणून उभे करतात, ते फक्त पंढरपुरात नकोत, तरडगाव, बरड, भंडीशेगाव अशा छोट्या मुक्कामांनाही हवेत. आणि बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत भारतनेटची (गावोगावी इंटरनेट पोचवायची केंद्राची योजना) फायबर केबल आलीये, फायबरला टॉवरच्या गर्दीशी काही देणंघेणं नाही. डिसेंबर २०२० ला केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारसुद्धा लायसन्स न काढता सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. मग जिल्हा परिषदेने पालखी मार्गावरच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, देवळात मुक्कामाच्या रात्रीपुरतं तरी ते चालू करावं, आणि कुठे चालू आहे ते पालखी निघायच्या आधी दिंडीप्रमुखांना कळवावं, म्हणजे टेम्पो कुठे लावायचा ते आम्हाला ठरवता येईल.

— दिंडीतला एक सेवेकरी, फलटण