बास्केटपासून सुरुवात करायला लावणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

वर्षभरापूर्वी मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझा निर्णय झालेला होता. मशीन स्वस्तातलं, त्यातून येणारी एस्प्रेसो कधी कडू तर कधी आंबट, म्हणजे दोष तापमानाचा. तेव्हा पीआयडी, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बसवायचा. कोणता घेऊ, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "कॉफी किती ग्रॅम घालतेस? आणि कपात किती ग्रॅम उतरते?" मला दोन्ही सांगता आलं नाही. "मग आधी वजनकाटा घे," म्हणालात आणि फोन ठेवलात. खरं सांगते, तेव्हा थोडा रागच आला होता.

पुढच्या भेटीत तुम्ही माझी बास्केट, म्हणजे कॉफीची पूड भरायची छिद्रांची वाटी, उजेडासमोर धरलीत. आतल्या जाळीला भरपूर छिद्रं, पण बाहेरच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढं एकच. दुहेरी तळाच्या त्या बास्केटमध्ये दाब कॉफीच्या थरामुळे तयार होत नाही, त्या एका छिद्रामुळे होतो. मी ज्याला क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरची सोनेरी साय, समजत होते तो त्यातून जोरात फवारल्यामुळे झालेला फेस होता. तुमच्या खणातली एकेरी तळाची ५१ मिलिमीटरची बास्केट तुम्ही मला दिलीत. तिच्यातून पहिला शॉट आठ सेकंदांत भसकन वाहून गेला. तुम्हाला ते अपेक्षितच होतं, कारण सोबत आणलेला हाताने फिरवायचा ग्राइंडर तुम्ही तोवर पिशवीतून काढलेलाही होता. पात्याचा ग्राइंडर बिया नुसत्या फोडतो, त्यात काही भुगा होतो आणि काही कण्या राहतात. दातेरी चकत्यांमधून मात्र दळण बरंच एकसारखं येतं, हे मी त्या दिवशी बोटांनी चोळून पाहिलं.

मग १४ ग्रॅम आत, २८ ग्रॅम बाहेर, २५ ते ३० सेकंद. रोज वहीत नोंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तुमची अट मी पाळली. दोन आठवड्यांत मशीनच्या एका स्क्रूलाही हात न लावता कॉफी इतकी सुधारली, की त्यासाठी पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं.

दाबाचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५ बार छापलेलं आणि मला त्याचा अभिमान! ती पंपाची कमाल ताकद, कॉफीला लागतात नऊच्या आसपास, हे तुम्ही सांगितलंत. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीनने लिव्हरच्या जागी पंप आणला, ती गोष्टही तेव्हाचीच. पोर्टाफिल्टरला, म्हणजे बास्केट बसवायच्या दांड्याला, दाबाचं गेज लावल्यावर काटा तेराला टेकला. ओपीव्हीचा, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा, स्क्रू पाव-पाव आटा सैल करत आपण खाली आलो. पाणी पूर्ण अडलेलं असताना काटा जरा जास्त दाखवतो, म्हणून तुम्ही मला दहाजवळ थांबवलंत. दुसऱ्या दिवशीपासून कॉफीच्या थराला भोकं पडून पाणी आडवाटेने निसटणं बरंच कमी झालं.

आणि पीआयडीची ती रात्र. आठ महिन्यांनी तुम्ही स्वतःच म्हणालात, "आता बसवू." साध्या थर्मोस्टॅटवर बॉयलरचं तापमान बरंच वर-खाली झुलतं, म्हणून तोवर मी दिवा विझल्यापासून सेकंद मोजून शॉट सुरू करत असे. तुम्ही प्लग काढून तो माझ्या हातात दिलात आणि काम संपेपर्यंत खाली ठेवू दिला नाहीत. मशीन पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडलं नाही. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो. थर्मल फ्यूज मध्येच येत होता, तो वगळला तर जोडणी सोपी होईल असं मी सुचवलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. बॉयलर कोरडा तापला तर तो एकच तुकडा घर वाचवतो, म्हणालात. फ्यूज जागेवर राहिला. त्या ओरडण्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. हौसेच्या भरात मी काय करून बसले असते, हे आता नीट कळतं.

स्टीम वाँड, म्हणजे दूध फेसाळायची वाफेची नळी, बदलायला तुम्ही नको म्हणालात. मी दूध क्वचित घेते, त्यामुळे तेही पटलं.

तुमचा ग्राइंडर अजून माझ्याकडेच आहे, रविवारी घेऊन येते. एक अडचणही आणते आहे. हलक्या भाजणीच्या बिया अजून आंबटच उतरतात. ९३ अंशांचे ९५ केले, थोडा फरक पडला. आता दळण बारीक करू, की कपात २८ ऐवजी ३५ ग्रॅम उतरू देऊ? एकच बदलणार आहे. कोणतं, ते तुम्ही सांगा.

तुमची,
धाकटी शिष्या