पुनर्वसूवरची सोयाबीन पेरणी

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

मृग, आर्द्रा कोरडी गेली आणि तुझी पेरणी पुनर्वसूवर आली, हे पत्रातून कळलं. धीर सोडू नकोस, पण जूनची रीत जुलैत जशीच्या तशी चालवू नकोस. दिवस आखडू लागले की सोयाबीन फुलावर येतं, झाडाची वाढ झालेली असो वा नसो. उशिराचं झाड ठेंगणंच राहणार, खोडावरची पेरं कमी, शेंगाही कमी. ही तूट झाडांची संख्या वाढवून भरायची.

म्हणून ओळींतलं अंतर ४५ ऐवजी ३० सेंटिमीटर कर आणि एकरी बियाणं ३० वरून ३७ किलोवर ने. इथे एक चूक हमखास होते. पेरणी यंत्राचे फण जवळ घेतले जातात, पण प्रत्येक ओळीत बी पडण्याचं प्रमाण तेच राहतं. मग एकरी ४५ किलो बी जातं, झाडं दाटतात आणि लोळतात. यंत्र थोडं चालवून ओळ उकरून बघ, मीटरभरात २२-२३ दाणे हवेत. ७० टक्के उगवणीला त्यातून १६ रोपं उभी राहतात. आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासच. बी ३-४ सेंटिमीटरहून खोल नको. झडीत ते कुजतं.

फुले संगम हा वाण यंदा ठेवून दे, तो १०० दिवसांच्या पुढे जातो. जेएस ९५-६० किंवा जेएस २०-३४ घे, ८५-९० दिवसांत निघतात. उशिराच्या पिकाचा दाणा भरायला लागतो तेव्हाच पाऊस ओढ देतो, म्हणून विहिरीतलं एक पाणी त्या वेळेसाठी राखून ठेव.

बियाण्याला किलोमागे कार्बोक्सिन-थायरम हे बुरशीनाशक ३ ग्रॅम, मग खोडमाशीसाठी थायमेथोक्झाम ३० एफएस १० मिली. रायझोबियम हे जिवाणू खत सगळ्यात शेवटी, १० किलोला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच पेर.

खत सगळं पेरतानाच दे: एकरी सिंगल सुपर फॉस्फेट १५० किलो, पोटॅश २० आणि युरिया २६ किलो. पुढे झाड बुटकं दिसलं म्हणून वरून युरिया टाकायचा मोह होईल, पण तो टाकू नकोस. पाला माजेल, किडी वाढतील, शेंगा वाढणार नाहीत.

आणि १५ जुलैपर्यंत ७५ मिलिमीटर पाऊस झालाच नाही, तर सोयाबीनचा हट्ट सोड. तुरीचं बियाणं आत्ताच बघून ठेव.

तुझा,
विलास