गाडी चौकात बंद पडते, पण बिघडते डेपोत

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा व्हरायटी चौकात भर दुपारी शहर बस आडवी उभी, मागं हॉर्नचा कल्ला, आणि पब्लिक ड्रायव्हरवर तुटून पडून राहिली. हवा उतरली होती. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर असतो, टाकीतली हवा गळाली की मागचा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो अन् गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हर म्हणे, काका, रोज लिहून देतो, सकाळी पुन्हा हीच गाडी हातात देतात.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये जिंदगी काढली म्हणून सांगतो, गळती चौकात सुरू होत नाही. आधी सकाळी प्रेशर यायला वेळ लागतो, इंजिन बंद केलं की चाकापाशी सूं सूं ऐकू येतं. होज म्हणजे हवेचा पाइप, नाहीतर डायफ्रॅम म्हणजे ब्रेकमधला रबरी पडदा बदलला की काम खतम, पण त्यासाठी गाडी थोडा वेळ पिटवर, म्हणजे खालून काम करायच्या खड्ड्यावर, तर पाहिजे ना! गोम तिथंच आहे. बऱ्याच शहरांत ठेकेदाराला पैसे किलोमीटरमागे मिळतात, फेरी चुकली की दंड, मग उभी गाडी म्हणजे तोटा. सुपरवायझरला वरून विचारतात आज किती गाड्या निघाल्या, कालच्या किती तक्रारी मिटल्या ते काहून विचारत नाही कोणी? स्टोअरला माल नसला की उभ्या गाडीचा पार्ट काढून चालत्या गाडीला लावायचा, आणि मेकॅनिक पोरगं कंत्राटी, आज आहे उद्या नाही, त्याला कोणत्या गाडीची काय खोड आहे हे कळणार कधी.

इलेक्ट्रिक बसला मेंटेनन्स नसतो असंही ऐकून राहिलो. इंजिन ऑइल नसतं, कबूल. पण ब्रेक, टायर, सस्पेन्शन आहेच, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर गेला की बॅटरीचं कूलिंग कोणी तपासायचं?

फिटनेस सर्टिफिकेटचं तर बोलूच नका, 8 वर्षांपर्यंतच्या गाडीला ते 2 वर्षांचं मिळतं, मधल्या काळात सगळं डेपोच्याच भरवशावर.

मेंटेनन्ससाठी ठरवून उभी केलेली गाडी दंडातून वगळा, स्पेअर गाड्या कंत्राटातच धरा. ब्रेकची तक्रार असलेली गाडी मेकॅनिकच्या सहीशिवाय गेटबाहेर नको, डेपोत फेऱ्या लावणाऱ्या ट्रॅफिकवाल्याची सही चालणार नाही. आणि ड्रायव्हरचं तक्रार रजिस्टर महिन्याच्या महिन्याला बाहेर लावा, रस्त्यात उभी राहिलेली गाडी कधीपासून ओरडत होती ते लोकांनाही दिसू द्या.

- एक रिटायर्ड मेकॅनिक, हिंगणा रोड, नागपूर